नापास होण्याचा अभ्यास

चूक की बरोबर अशा शंभर प्रश्नांची प्रश्नपत्रिका समोर आली आणि न वाचताच खुणा करत सुटलं, तरी पन्नासाच्या आसपास गुण पडतात. सगळे प्रश्न सोडवून शून्यच हवं असेल, तर मात्र शंभरच्या शंभर उत्तरं यावी लागतात. ही झाली कागदावरची गंमत. माणसाचं शरीर याच्याही पुढे जातं. तिथे ठरवून फजिती करून घ्यायला गेलं, तर बऱ्याचदा ती होतच नाही.

व्हिएन्नाचे मनोविकारतज्ज्ञ व्हिक्टर फ्रँकल यांनी नोंदवलेला एक किस्सा अंधेरीच्या पुलावर टीसीने गाठलेल्या कुणालाही आवडेल. एक मुलगा लहानपणापासून तोतरा. बाराव्या वर्षी विनातिकीट ट्रामवर लटकला आणि कंडक्टरच्या हाती सापडला. बिचारं तोतरं पोर म्हणून कीव यावी, या हिशेबाने तो मुद्दाम अडखळत बोलायला गेला, आणि अडखळेचना! त्याच्या आठवणीत तेवढा एकच प्रसंग तोतरेपणाविना गेला. (आपल्या लोकलमध्ये हा डाव फसला तर तिकिटाच्या पैशांवर दंडही भरावा लागतो.)

फ्रँकल यांनी याच तत्त्वावर उपचार उभा केला आणि १९३९ साली त्यावर लिहिलं. घाम फुटेल या धास्तीनेच घाम फुटणाऱ्या एका तरुण डॉक्टरला त्यांनी सांगितलं, 'आज लोकांना दाखवूनच द्या, तुम्हाला किती घाम येतो ते.' चार वर्षांचं दुखणं आठवड्याभरात गेलं. हिशेब लिहिताना हात आखडणाऱ्या कारकुनाला जमेल तितकं गिचमिड लिहायला सांगितलं, तर त्याला ते साधेना. झोप न येणाऱ्याने जागं राहायचा प्रयत्न करायचा, तोही याच न्यायाने. भीतीच जे घडवून आणत असते, ते आपणच मागितलं की भीतीला काम उरत नाही. खोल नैराश्यात मात्र हा घरगुती प्रयोग करू नये.

अमेरिकेत मानसतज्ज्ञ अल्बर्ट एलिस यांनी उलटी वाट धरली. त्यांच्या पद्धतीत फजिती खरोखर होऊ द्यायची आणि मग आभाळ कोसळतं का ते बघायचं. मुलींशी बोलायला घाबरणारे एलिस वयाच्या १९ व्या वर्षी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स वनस्पती उद्यानात गेले आणि बाकावर एकटी बसलेली स्त्री दिसली की शेजारी जाऊन बसायचं, असं व्रत घेतलं. अशा १३० जणींपैकी ३० उठून गेल्या, १०० जणींशी गप्पा झाल्या, एक भेटायला कबूल झाली आणि तीही आली नाही. भीती मात्र गेली. १९५५ पासून त्यांनी जी विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली, ती मराठीत रुजवली मुंबईच्या कि. मो. फडके यांनी, एलिस यांच्याशी वर्षानुवर्षं पत्रव्यवहार करून. मुलुंडचा नाका ओलांडला की लागणाऱ्या ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली 'आयपीएच' ही मानसिक आरोग्यासाठीची संस्था काढली. तिथेही याच विचाराचा आधार घेतला जातो. अंजली जोशी यांचं 'मी अल्बर्ट एलिस' हे पुस्तकही अनेकांनी वाचलं असेल.

एलिस यांचा गृहपाठ अजब असे. केळ्याला दोरी बांधून कुत्र्यासारखं रस्त्यावर फिरवा. भुयारी रेल्वेत पुढच्या स्टेशनचं नाव मोठ्याने ओरडा. न्यूयॉर्कमध्ये यात लाज असेल. बोरिवली लोकलमध्ये टाळ वाजवत भजन चालतं, कानातली विकणाऱ्या बायका डबा दणाणून सोडतात. तिथे 'कांदिवलीऽऽ' ओरडलात, तर दारातला एखादा 'कोणत्या बाजूला येणार?' एवढंच विचारील. मुंबईकराला लाज वाटते ती ओळखीच्यांची. त्यामुळे इथला गृहपाठ घाटकोपरच्या सोसायटीत, गणपतीच्या मांडवात, सगळ्या शेजाऱ्यांसमोर बेसूर गाण्याचाच असायला हवा.

जेसन कॉमली या कॅनडातल्या गृहस्थांनी तर याचा खेळच केला. रोज एक तरी नकार मिळवायचा. होकार मिळाला तर तो धरायचा नाही. जिया जियांग यांनी २०१२ साली टेक्सासात तो शंभर दिवस खेळायला घेतला. तिसऱ्या दिवशी डोनटच्या दुकानात जाऊन त्यांनी ऑलिंपिकच्या कड्यांसारखे एकमेकांत गुंफलेले पाच डोनट मागितले. नकार ठरलेलाच होता. काउंटरवरच्या बाईंनी कागद घेतला, कड्यांचे रंग विचारून घेतले, थोड्या वेळाने पाचही कडी बनवून आणली आणि पैसेही घेतले नाहीत. म्हणजे त्या दिवसाचा नकार मिळवायचा राहिलाच.