यंत्राचा हात आणि घरची शुश्रूषा

मूत्रपिंड, मूत्राशय व प्रोस्टेट ग्रंथी यांवरील काही अवघड शस्त्रक्रिया आता यंत्रमानवाच्या साहाय्याने केल्या जातात. अमेरिकेत अशा यंत्रास २००० साली मान्यता मिळाली. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातही ही सोय आहे. या नवलाईमुळे यंत्रच शस्त्रक्रिया करते, असा समज होण्याचा संभव आहे. तो खरा नव्हे.

शल्यचिकित्सक रुग्णापासून काही अंतरावर बसून यंत्राचे हात चालवितो. पोटावरील लहान छिद्रांतून दुर्बीण व हत्यारे आत जातात. आतील दृश्य अनेक पटींनी मोठे दिसते, हाताचा सूक्ष्म कंप गाळला जातो आणि हत्यारे मनगटाप्रमाणे वळतात. प्रोस्टेट ग्रंथी ओटीपोटाच्या अरुंद तळाशी असल्याने कर्करोगात ती काढताना याचा विशेष उपयोग होतो. वयोमानाने होणाऱ्या साध्या ग्रंथीवृद्धीसाठी मात्र बहुधा मूत्रमार्गातून दुर्बिणीने केलेली शस्त्रक्रिया पुरेशी असते.

ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन येथील तुलनात्मक अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. यंत्राच्या पद्धतीत रक्तस्राव कमी झाला. परंतु लघवीवरील नियंत्रणाच्या बाबतीत तीन महिन्यांनंतर दोन्ही पद्धतींत लक्षणीय फरक आढळला नाही. याउलट, जागतिक आरोग्य संघटनेची साधी तपासणी-सूची दिल्लीसह आठ शहरांतील रुग्णालयांत वापरली असता शस्त्रक्रियेनंतरची गुंतागुंत ११ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आली, असे २००९ साली दिसून आले. यंत्राइतकीच शिस्तही महत्त्वाची आहे, हाच याचा अर्थ होय.

मेहकर तालुक्यातील जानेफळसारख्या गावाच्या दृष्टीने ही गोष्ट मोलाची आहे. यंत्रामुळे रुग्णालयातील मुक्काम कमी होतो आणि पुष्कळदा लघवीची नळी असतानाच रुग्णास घरी पाठविले जाते. म्हणजे रुग्णालयात होणारी शुश्रूषा आता घरच्या माणसांवर येते.

नळीची पिशवी नेहमी कमरेच्या खाली, पण जमिनीला न टेकता ठेवावी. नळीला पीळ पडू देऊ नये. हात धुऊनच ती हाताळावी व नळीभोवतालचा भाग दररोज साबण-पाण्याने स्वच्छ करावा. नळी स्वतः ओढून काढू नये. रुग्णाने थोडे थोडे चालावे. जड ओझे उचलू नये. थंडी वाजून ताप येणे, लघवी अडणे, रक्ताच्या गाठी पडणे, पोट फुगणे, एका पायास सूज येणे किंवा धाप लागणे यांपैकी काहीही आढळल्यास क्षणाचाही विलंब न करता वैद्यकीय मदत घ्यावी. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते.

तयारीही आधीपासून हवी. किमान चार आठवडे आधी तंबाखू व विडी सोडावी, मधुमेह आटोक्यात आणावा आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांची माहिती डॉक्टरांस द्यावी. त्या परस्पर बंद करू नयेत.

बुलढाणा येथे २०२४ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाल्याने जिल्ह्यातील वैद्यकीय सेवेस बळ मिळाले आहे. तथापि, घरी परतलेल्या रुग्णाची नोंद आशा कार्यकर्तीकडे असणे, ग्रामसभेत ही लक्षणे वाचून दाखविणे आणि शिक्षकांनी ती शाळेच्या फलकावर लिहिणे, यांस कोणतेही यंत्र लागत नाही. शहरातील कुशल हातांनी साधलेले यश टिकविणे बऱ्याच अंशी गावाच्याच हाती आहे.