साहेब म्हणतात, ‘आजच हवे!’

आपल्या वस्त्यांतून सकाळी सात-आठला माणसे डबा घेऊन बाहेर पडतात आणि रात्री नऊ-दहाला परततात. कुणी कारकून, कुणी वॉर्डबॉय, कुणी सिक्युरिटीत, कुणी कंत्राटदाराकडे सफाईला. कामे वेगवेगळी, पण तक्रार एकच : “साहेबांचे समाधानच होत नाही.” तिघांचे काम एकाला सांगायचे, चार दिवसांचे काम संध्याकाळपर्यंत मागायचे आणि झाले नाही की चारचौघांत बोलायचे. अशा साहेबाशी कसे वागावे, याचा विचार आपण शांतपणे बसून कधी करतो का?

आम्ही गेली वीस वर्षे कारकुनी करीत आहोत आणि संध्याकाळी कामगार बंधू-भगिनींचे अर्ज लिहून देत आहोत. त्यातून जे ध्यानात आले, ते येथे मांडतो.

भीती कशाची?

आपला माणूस बहुधा घरातला पहिलाच शिकलेला, पहिलाच खुर्चीवर बसलेला. जरा काही राहिले तर ‘हे सवलतीवाले, यांना काम येत नाही’ असे कुणी म्हणेल, या धास्तीने तो दुसऱ्याचेही काम ओढतो. रविवारीही जातो. ‘जमणार नाही’ हा शब्द तोंडातून काढत नाही. मऊ लागले की कोपराने खणणारे सगळीकडे असतात. मग कामाचा ढीग त्याच्याच टेबलावर वाढत जातो.

कर्तबगारी दाखवणे वेगळे आणि अशक्य काम मुकाट्याने घेणे वेगळे. अशक्य काम घेतले की ते अपुरे राहते, घाईत चुका होतात. ज्या शिक्क्याला भिऊन काम घेतले, तोच शिक्का शेवटी कपाळावर बसतो.

हिशेब मांडा

प्रत्येक साहेब दुष्ट असतो असे नाही. पुष्कळदा त्यालाही वरून दट्ट्या असतो आणि खालच्या कामाला किती वेळ लागतो हे त्याला ठाऊक नसते. म्हणून ‘होत नाही’ असे म्हणण्याऐवजी आकडे सांगावेत.

अकाउंट्सचेच उदाहरण घ्या. दर महिन्याला विवरण भरणाऱ्या पेढीत टीडीएस ७ तारखेला, जीएसटीचे विक्रीचे विवरण ११ ला, पीएफ आणि ईएसआय १५ ला, जीएसटीचे ३-बी २० ला, असे महिन्याचे वेळापत्रक ठरलेले असते. दहा तारखेला सकाळी साहेब म्हणतात, “तीन वर्षांच्या उधारीची यादी आजच हवी.” अशा वेळी सांगावे : “साहेब, उद्या ११ तारीख. तीनशे बिले चढवायची आहेत, तासाला चाळीस होतात. साडेसात तास त्यालाच लागतील. यादी परवा दुपारी देतो. आजच हवी असेल तर यादी आधी घेतो, पण विवरण उशिरा जाईल आणि लेट फी पडेल. आधी कोणते करू?”

यात कुठेही उद्धटपणा नाही, नकारही नाही. निर्णय मात्र साहेबाच्या हाती गेला. त्याने जे सांगितले ते दोन ओळींत लिहून कळवावे : ‘आपल्या सूचनेप्रमाणे आज यादीचे काम घेतले आहे.’ उद्या जबाब विचारला गेला तर ही ओळ उपयोगी पडते.

सफाईचे काम करणाऱ्या ताईंनाही हेच लागू. एका मजल्याला पाऊण तास, तर आठ मजल्यांना सहा तास. आणखी चार मजले वाढवले की नऊ तास झाले. सुपरवायझरला हे बोटांवर मोजून दाखवावे. घरी एक शंभर पानी वही ठेवावी. कधी आलो, कधी सुटलो, कुणी कोणते जादा काम सांगितले, हे रोज लिहावे.

तासांची मर्यादा फुकट मिळालेली नाही

नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांमुळे १० जून १८९० पासून मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाईसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. १९४६ च्या फॅक्टरी कायदा दुरुस्तीने बारमाही कारखान्यांतले आठवड्याचे तास ५४ वरून ४८ झाले. ते विधेयक बाबासाहेबांनी मांडले होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रम संहिता लागू झाल्या. कामगाराला जादा तासांचे दाम दुप्पट दराने द्यायचे, हे तत्त्व त्यांतही आहे. आपल्या कामाला कोणता नियम लागतो, ते युनियनच्या माणसाला विचारून घ्यावे.

प्रश्न नुसत्या पैशांचा नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, आठवड्याला ५५ तास किंवा अधिक काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांपेक्षा पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी जास्त असतो. कमावता माणूस अंथरुणाला खिळला तर साहेब दुसरा माणूस ठेवील. घराला मात्र दुसरा माणूस मिळत नाही.

एकट्याने नको

शेजारच्या टेबलावरही तेच ओझे असते. चौघांनी मिळून, वेळ मागून, शांतपणे भेटावे. रागाच्या भरात राजीनामा फेकू नये. मुलांची फी आणि खोलीचा हप्ता कुणाला चुकत नाही. आधी दुसरे काम पाहावे, मग हे सोडावे. कामाच्या आडून जातीवरून अपमान होत असेल, तर तो कामाचा वाद राहत नाही. तारीख, वेळ, साक्षीदार लिहून ठेवावेत आणि १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याबाबत वकिलाचा सल्ला घ्यावा.

घरी काय करावे?

साहेबाचा राग मुलाच्या पाठीवर निघतो, नाहीतर बाटलीत बुडतो. दोन्हींत आपलेच घर मोडते. माणूस घरी आला की आधी चहा द्यावा, थोड्या वेळाने ‘आज काय झाले?’ असे विचारावे आणि पुरते ऐकून घ्यावे. वहीत लिहिता येत नसेल तर मुलीने लिहून द्यावे.

आणि बंधूंनो, एक गोष्ट आपणही पाहावी. आपली पत्नीही दिवसभर कुणाच्या तरी हाताखाली राबून येते. ती उंबरठा ओलांडते तोच पाणी, भाकरी, इस्त्रीचा शर्ट सगळे ‘आत्ताच हवे’ म्हणणारा दुसरा साहेब तिला घरात भेटू नये. पाणी आपण भरावे, भांडी मुलांनी घासावीत. जो न्याय आपण कचेरीत मागतो, तो आधी आपल्या स्वयंपाकघरात द्यावा.