हवेत तरंगणारी गाडी रस्त्यावर का येत नाही?

१९८९ साली ‘बॅक टू द फ्यूचर’ या अमेरिकन चित्रपटाचा दुसरा भाग आला. त्यात २०१५ सालचे जग दाखवले होते. गाड्या आकाशातून ये-जा करताहेत, पोरे बिनचाकी फळीवर उभी राहून तरंगत चालली आहेत! ते साल येऊन गेले. आपल्या रस्त्यावरचे खड्डे मात्र आहेत तिथेच आहेत. मग शास्त्रज्ञ हरले काय? मुळीच नाही. तरंगणारे वाहन १९५९ सालीच समुद्र ओलांडून गेले.

ते बनवणारे ख्रिस्तोफर कॉकरेल हे इंग्लंडचे इंजिनिअर. नोकरी सोडून त्यांनी बोटी बांधण्याचा लहानसा धंदा काढला होता. पाणी बोटीला मागे ओढते, ती ओढ कशी घालवावी याचा त्यांना ध्यास लागला. १९५५ साली त्यांनी दोन रिकामे डबे घेतले, एक कॉफीचा आणि एक मांजराच्या खाण्याचा. एकात एक बसवून मधल्या गोल फटीतून खाली हवा फुंकली आणि खाली ठेवला स्वयंपाकघरातला वजनकाटा. एकाच डब्यातून हवा सोडली तर जेवढा दाब पडे, त्याहून कितीतरी जास्त भरला! फटीतून येणारी हवा भिंतीसारखी उभी राहते व आतली हवा कोंडून धरते. हीच हवेची गादी. पुढील काळी यंत्राभोवती रबरी झालर आली, परकराच्या घेरासारखी. मग तर ते लाटांवरूनही जाऊ लागले.

पण सरकारदरबारी काय झाले? आरमार म्हणाले हे विमान, हवाई दल म्हणाले ही बोट, आणि लष्कराला त्यात रसच नव्हता! अखेर २५ जुलै १९५९ रोजी त्यांचे पहिले हॉवरक्राफ्ट फ्रान्समधील कॅलेहून निघून इंग्लंडच्या डोव्हरला पोचले. तोल सांभाळायला वजन म्हणून खुद्द कॉकरेल वर चढले होते.

मग असली गाडी आपल्या दारात का नाही? भरलेला हंडा आठवा. जमिनीवर ठेवला की जमीन तो फुकटात सांभाळते. हातात धरून नळावर नुसते उभे राहिलो, एक पाऊलही चाललो नाही, तरी हात भरून येतात. तरंगणाऱ्या गाडीचे तसेच आहे. ती उभी असली तरी तिला क्षणोक्षणी खाली हवा ढकलावी लागते. हजार किलोची मोटार सपाट रस्त्यावर ताशी ६० किलोमीटरने न्यायला दहा अश्वशक्तीही पुरते. तीच मोटार दहा चौरस मीटरच्या पंख्यांवर हवेत नुसती उभी ठेवायची तर किमान २५० अश्वशक्ती लागेल. पन्नास माणसे घेऊन घाट चढणाऱ्या साध्या एसटी बसचे इंजिनही याहून कमी ताकदीचे असते! आणि पंखे लहान केले तर खर्च आणखी वाढतो.

फ्रान्सच्या फ्रँकी झपाटा यांनी ४ ऑगस्ट २०१९ रोजी जेट इंजिनांच्या फळीवर उभे राहून हीच खाडी सुमारे २२ मिनिटांत ओलांडली. पाठीवर रॉकेल जातीचे इंधन होते, तरी एका माणसासाठी मध्येच बोटीवर उतरून ते पुन्हा भरावे लागले.

हॉवरक्राफ्टला एवढी ताकद लागत नाही, कारण त्याची हवा झालरीत कोंडलेली असते. पण त्याचे दुखणे निराळे. चाक जमिनीला टेकते म्हणून ब्रेक लागतो आणि गाडी वळते. जे टेकतच नाही त्याला वारा ढकलून नेतो. ३० मार्च १९८५ रोजी ‘प्रिन्सेस मार्गारेट’ हे अवाढव्य हॉवरक्राफ्ट डोव्हर बंदराशी वादळी वाऱ्याने बांधावर आपटले आणि चार प्रवासी दगावले. आमच्या मते, शाळा सुटायच्या वेळी गजबजलेल्या रस्त्यावर असल्या गाड्या सोडण्याची कल्पना करणाऱ्याने ही घटना आधी वाचावी.

त्या जातीची मोठी हॉवरक्राफ्टे ४१८ माणसे आणि ६० मोटारी घेऊन जात. पण १९९४ साली खाडीखालून बोगदा झाला, इंधनाचा खर्चही जबर होता. २००० साली ती सेवा बंद पडली.

मात्र जिथे चाकही चालत नाही आणि बोटही, तिथे या यंत्राला तोड नाही. त्याचे वजन मोठ्या गादीवर पसरलेले असते, म्हणून माणसाचा पाय रुततो त्या चिखलावरून ते सहज निघून जाते. इंग्लंडच्या मोरकॅम उपसागरात भरती आली की चिखलात अडकलेली माणसे बुडतात. तिथे २००२ पासून बचावासाठी हॉवरक्राफ्ट ठेवले आहे. आपले तटरक्षक दलही गुजरातच्या उथळ खाड्यांत हेच वाहन वापरते. आणि इंग्लंडमध्येच साउथसी ते राइड या मार्गावर १९६५ पासून प्रवासी हॉवरक्राफ्ट चालू आहे. राइडला ओहोटीत पाणी फार दूर जाते. बोटीसाठी अर्ध्या मैलाचा धक्का बांधावा लागला. हॉवरक्राफ्ट मात्र वाळूवरून थेट किनाऱ्यावर येऊन बसते, दहा मिनिटांच्या प्रवासानंतर.