खांद्याची कंडरा शिवल्यानंतर

मानवी शरीरातील सर्वाधिक मोकळा सांधा म्हणजे खांदा. या मोकळेपणाची किंमत अशी की, त्याचे स्थैर्य हाडांच्या बैठकीपेक्षा भोवतालच्या स्नायूंवरच अधिक अवलंबून असते. चार स्नायूंच्या कंडरा दंडाच्या हाडाच्या माथ्याला वेढून बसतात. या वेढ्यास वैद्यकात ‘रोटेटर कफ’ म्हणतात. उतारवयात या कंडरा झिजतात आणि कधी पडल्यामुळे, तर कधी जड डबा उचलण्याच्या निमित्ताने फाटतात. औषधे व व्यायाम यांनी भागले नाही, तर दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करून फाटलेली कंडरा हाडात बसविलेल्या अँकरच्या धाग्यांनी पुन्हा जागेवर बांधली जाते.

धागा कंडरेला केवळ धरून ठेवतो. तिला हाडाशी जोडण्याचे काम शरीरच करते, आणि तेही अतिशय मंद गतीने. हा जोड बऱ्यापैकी ताण सोसू लागण्यास साधारण १२ आठवडे लागतात. वेदना मात्र त्याच्या पुष्कळ आधी ओसरते, आणि खरा धोका येथेच आहे. चार ते सहा आठवड्यांनी गळ्यातील झोळी निघते, हात हलका वाटतो, घरातील मंडळीही ‘आता बरे झाले’ म्हणू लागतात. त्या वेळी आतील जोड अजून कोवळाच असतो. शिवलेली कंडरा पुन्हा फाटते ती बहुधा पहिल्या तीन ते सहा महिन्यांत.

हालचाल केव्हा सुरू करावी, याविषयी शल्यचिकित्सकांत दोन मते आहेत. काही जण पहिल्या-दुसऱ्या आठवड्यापासूनच फिजिओथेरपिस्टकडून हात हलवून घेतात; काही जण चार ते सहा आठवडे खांदा स्थिर ठेवतात. लवकर हालचालीने आरंभीचा ताठरपणा कमी राहतो. परंतु वर्षभरानंतर दोन्ही पद्धतींच्या रुग्णांत फारसा भेद उरत नाही. कंडरा मोठी फाटली असल्यास लवकर हालचालीने जोड उसवण्याची भीती अधिक, म्हणून तेथे सबुरीच योग्य. शेजारच्या रुग्णाला मिळालेले वेळापत्रक स्वतःला लावणे सर्वथा चुकीचे. खांद्याला तेल चोळून घेण्याची आपल्याकडील हौसही या काळात आवरलेली बरी.

आरंभीचा परिचित व्यायाम म्हणजे लंबकासारखा हात झुलविणे. बोस्टनचे शल्यचिकित्सक अर्नेस्ट कॉडमन यांनी १९११ साली कंडरा शिवण्याच्या शस्त्रक्रियेचे वर्णन प्रसिद्ध केले; हा व्यायामही त्यांच्याच नावाने ओळखला जातो. दुसऱ्या हाताने टेबल धरून पुढे वाकावे, हात सैल सोडावा आणि कंबरेपासून अंग डोलवावे. अनेक जण हात जोराने गरगर फिरवितात. तसे केल्यास ज्या स्नायूला विश्रांती हवी, तोच कामाला लागतो. बोटे व मनगट मात्र पहिल्या दिवसापासून हलती हवीत. झोळीतल्या हाताने जपमाळ फिरविणे याला उत्तम. बायसेप्सच्या कंडरेवरही काम झाले असल्यास कोपर केव्हा हलवावे, हे विचारून घ्यावे.

श्रावकाच्या नित्यक्रमात खांद्यावर ताण आणणारे प्रसंग पुष्कळ येतात. सामायिकाहून उठताना जमिनीवर हात टेकला जातो. पंचांग नमस्कारात शरीराचा भार तळव्यांवर येतो. दोन लिटरचा कलश सुमारे दोन किलोचा. तो हात लांब करून मस्तकाइतका उचलला की खांद्यावरील ताण वजनाच्या कितीतरी पटींनी वाढतो. तूर्त खुर्चीवर बसून सामायिक करावे आणि वंदन उभ्यानेच करावे.

उपवासाचा विचार अधिक बारकाईने व्हावयास हवा. जोड भरून येण्यास प्रथिने लागतात. डाळी, शेंगदाणे, दूध, दही यांतून ती मिळतात, पण आहारच नसेल तर मिळणार कोठून? वेदनाशामक गोळ्यांपैकी काही रिकाम्या पोटी जठराला अपायकारक ठरतात. इन्सुलिन घेणाऱ्या मधुमेहींनी तर डॉक्टरांना विचारल्यावाचून उपवास धरूच नये. चौविहार पाळणाऱ्यांची अडचण निराळी: या शस्त्रक्रियेनंतर दुखणे रात्री वाढते आणि औषध तर सूर्यास्तापूर्वीच घ्यावयाचे. शस्त्रक्रियेपूर्वीच हे सांगितल्यास औषधांच्या वेळा त्यानुसार बसविता येतात का, हे डॉक्टर पाहू शकतात. पाठीमागे उशा रचून अर्धवट बसत्या स्थितीत झोपल्यास आणि कोपराखाली लहान उशी घेतल्यास रात्र पुष्कळ सुसह्य होते. जुनाट झीज असेल, तर शस्त्रक्रियेची तारीख पर्युषण वा दशलक्षण पर्व टाळून ठरविता येते. अपघाताने कंडरा एकाएकी फाटली असल्यास मात्र पर्वासाठी थांबू नये.

सहा आठवड्यांनंतर दोरी-कप्पीने हात वर नेणे, भिंतीवर बोटे चढविणे, आणि पुढे स्वबळावर हात उचलणे असा क्रम असतो. रबरी पट्टीचे बलवर्धक व्यायाम बहुधा १२ आठवड्यांनंतरच. पूर्ण बळ येण्यास सहा महिने ते वर्ष लागते. कलश पुन्हा केव्हा उचलावा, हे फिजिओथेरपिस्टला त्याचे वजन सांगूनच विचारावे. प्रथम रिकामा, मग अर्धा भरलेला, आणि तोही दोन्ही हातांनी, छातीशी धरून.