लग्न कोणी ठरवायचं? 'फिडलर ऑन द रूफ' आणि आपले बेने इस्रायल

चांदवडच्या या व्याख्यानासाठी आम्ही मुद्दाम एक अमेरिकन संगीत नाटक निवडलं आहे. 'फिडलर ऑन द रूफ' २२ सप्टेंबर १९६४ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर आलं आणि त्याचे ३,२४२ प्रयोग झाले.

गोष्ट १९०५ची. रशियातल्या एका खेड्यात तेव्ये नावाचा ज्यू दूधवाला राहतो. त्याला पाच मुली. स्थळ बापाने ठरवायचं, ही रीत. थोरली श्रीमंत खाटकाला नाकारून गरीब शिंप्याशी लग्न करते. बाप कुरकुरत का होईना, मान्य करतो. दुसरी एका क्रांतिकारकाशी लग्न ठरवते. त्यालाही तो आशीर्वाद देतो. तिसरी ख्रिस्ती मुलाशी लग्न करते, तेव्हा मात्र ती आपल्याला मेली असं तो म्हणतो. शेवटी झारच्या हुकुमाने सगळ्या ज्यूंना गाव सोडावं लागतं. तेव्ये अमेरिकेची वाट धरतो.

हे लांबचं वाटतं ना? मग आपल्या कोकणात या. रायगडकडचे बेने इस्रायल हे मराठी बोलणारे ज्यू. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणत. आडनावं पेणकर, रोहेकर अशी. लग्नात मेंदी, गळ्यात मंगळसूत्र, एलियाहू नबीच्या नावाने पोहे-खोबऱ्याचा मलिदा. १९४८नंतर त्यांच्यातले बरेच जण इस्रायलला गेले.

तिथे काय झालं बघा. १९६२मध्ये तिथल्या मुख्य धर्मपीठाने सूचना काढली: बेने इस्रायलांचं लग्न लावण्याआधी त्यांच्या पूर्वजांची चौकशी करा. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या शनिवार पाळला, त्यांनाच विचारणा झाली की तुम्ही ज्यू कशावरून! त्यांनी धरणं धरलं. ऑगस्ट १९६४मध्ये संसदेने ते इतरांसारखेच ज्यू आहेत असं ठरवून सांगितलं. त्यानंतर सूचनेतून त्यांचं नाव वगळलं गेलं. पुढच्याच महिन्यात तिकडे न्यूयॉर्कला तेव्येची गोष्ट रंगमंचावर आली.

या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की एक कळतं. रीत माणसाला परक्या मुलखात धरून ठेवते, तीच दुसऱ्याला दाराबाहेरही ठेवते. घरात तेव्ये जे मुलीला करतो, तेच देशात धर्मपीठ करू पाहतं. आपली मुलं नाशिक-पुण्याला जातात, तिथेच जोडीदार शोधतात. त्यांनी घरी फोन केला की आपण आधी काय विचारतो? मुलगी कशी आहे, की कुणातली आहे?

बोला, आता तुमचे प्रश्न घेऊ.