एकाच पिठाचें धिरडें : तान्ह्या मुलापासून आजीआजोबांपर्यंत

भोर व वेल्हे हे दोन्ही तालुके (वेल्ह्यास आतां राजगड हें नांव मिळालें आहे) सह्याद्रीच्या कुशींत वसलेले आहेत. नीरा, वेळवंडी व गुंजवणी यांच्या खोऱ्यांत भाताचीं खाचरें आहेत, आणि डोंगरउतारांवरील वरकस जमिनींत नाचणी व वरई पिकते. जें धान्य आपल्या घरीं आहे, त्यांतूनच तान्ह्या मुलास आणि साऱ्या कुटुंबास एकाच तव्यावर सकस अन्न कसें मिळेल, हें सांगणें हा या लेखाचा हेतु आहे. विद्यार्थ्यांनीं हा लेख घरीं मोठ्यानें वाचून दाखवावा. लावणीच्या दिवसांत आई खाचरांत असतां धाकट्या भावंडास भरविण्याचें काम पुष्कळ वेळां त्यांच्याकडेच येतें. तेव्हां तें काम नीट समजून करणें हें त्यांचें कर्तव्यच आहे. हें मुलींचें काम आहे, असें मुलग्यांनीं समजूं नये.

पहिले सहा महिने आईचें दूध हेंच मुलाचें पूर्ण अन्न होय. त्या काळांत पाणीही देण्याची गरज नसते. परंतु मूल जन्मतांना लोहाचा जो सांठा बरोबर घेऊन येतें, तो सुमारें सहाव्या महिन्यापर्यंत सरत येतो, आणि त्याच सुमारास वाढीची भूकही केवळ दुधानें भागेनाशी होते. म्हणून सहा महिने पूर्ण होतांच वरचें अन्न सुरू करावें, व आईचें दूध दोन वर्षेंपर्यंत किंवा त्याहूनही पुढें चालू ठेवावें, असें जागतिक आरोग्य संघटना सांगते. आईच्या दुधाखेरीज ६ ते ८ महिन्यांच्या मुलास रोज सुमारें २०० कॅलरी, ९ ते ११ महिन्यांच्या मुलास ३००, आणि एक ते दोन वर्षांच्या मुलास ५५० कॅलरी वरच्या अन्नांतून मिळाव्या लागतात.

येथेंच आपल्या घरांत एक चूक होते. मूल लहान, म्हणून अन्न पातळ, असा समज आहे. भाताच्या पेजेचें किंवा वरणाचें वरचें पाणी त्यास पाजतात. कोठें चहांत बिस्किट बुडवून देतात. मुलाचें पोट इवलेंसें असतें. तें पाण्यानें भरलें म्हणजे मूल गप्प बसतें, परंतु त्याच्या शरीरास कांहींच मिळत नाहीं. चहा तर अन्नांतील लोह अंगीं लागूं देत नाहीं. याचा परिणाम आपणांस आंकड्यांत दिसतो. सन २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत महाराष्ट्रांतील पांच वर्षांखालील मुलांपैकीं शेंकडा ३५ मुलें वयाच्या मानानें खुजीं आढळलीं. आणि सहा महिने ते पांच वर्षें या वयाच्या मुलांपैकीं शेंकडा ६९ मुलांच्या रक्तांत लोहयुक्त द्रव्य कमी आढळलें. पहिल्या दोन वर्षांत राहिलेली उणीव पुढें भरून काढणें फार कठीण असतें.

यावर उपाय म्हणजे थोड्या घासांत अधिक सत्त्व असलेलें मऊ अन्न. भाज्या घातलेलें नाचणीचें धिरडें हें तसें अन्न आहे. त्यांतील प्रत्येक पदार्थ कशासाठीं घालावयाचा, तें आधीं पाहूं.

नाचणी ही हाडांची पोशिंदी आहे. शंभर ग्रॅम नाचणींत सुमारें ३५० मिलिग्रॅम चुना असतो. तितक्याच सडलेल्या तांदळांत तो १० मिलिग्रॅमच्या आसपास असतो. संयुक्त राष्ट्रांनीं २०२३ हें वर्ष भरड धान्यांचें वर्ष म्हणून पाळलें, त्याचें कारण अशा धान्यांचे हे गुणच होत. गरिबाचें धान्य म्हणून आपण जिला मागें सारलें, तिचें महत्त्व जगानें ओळखलें आहे. मुगाची डाळ मांस व स्नायु वाढविते. धान्य व डाळ यांतील प्रथिनें एकमेकांची उणीव भरून काढतात, म्हणून दोन्हीं एकत्र असावीं. लाल भोपळा व शेवग्याचा पाला यांत डोळ्यांस आवश्यक असें अ जीवनसत्त्वाचें मूलद्रव्य असतें, व तें शरीरांत जिरण्यास थोडें तेल लागतें. तेलाच्या एका लहान चमच्यांत सुमारें ४५ कॅलरी असतात. म्हणजे घास न वाढवितां अन्नाचें बळ वाढतें. शेवटीं लिंबाचे चार थेंब पिळावे, कारण त्यांतील क जीवनसत्त्वामुळें धान्य व पाल्यांतील लोह शरीरांत अधिक शोषलें जातें.

आतां कृति. पांच-सहा माणसांसाठीं दोन वाट्या नाचणीचें पीठ, एक वाटी तांदळाचें पीठ व एक वाटी मुगाची डाळ घ्यावी. डाळ तीन-चार तास भिजवून बारीक वाटावी. एक वाटी लाल भोपळ्याचा कीस, एक वाटी शेवग्याचा कोवळा पाला किंवा माठ अगदीं बारीक चिरून, एक कांदा व मूठभर कोथिंबीर तयार ठेवावी. दोन्ही पिठें व डाळ एकत्र करून त्यांत भोपळा व पाला घालावा, आणि पळीवाढें होईल इतकें पाणी हळूहळू घालून गुठळी न राहील असें कालवावें. अर्धा तास झांकून ठेवावें, म्हणजे नाचणी भिजून धिरडें मऊ होतें.

यानंतरची पायरी सर्वांत महत्त्वाची आहे. मीठ घालण्यापूर्वीं लहान मुलापुरतें पीठ एका वाटींत वेगळें काढावें. उरलेल्या पिठांत मीठ, कांदा, कोथिंबीर, आलें व मिरची घालावी. बिडाचा तवा तापवून कांद्याच्या फोडीनें तेल पुसावें, मुलाचें धिरडें प्रथम घालावें, आणि मंद विस्तवावर झांकण ठेवून दोन्ही बाजूंनीं नीट शिजवावें. नाचणी कच्ची राहिली तर पोटास जड होते. तव्यास चिकटल्यास पहिलें धिरडें जरा जाड घालावें व कडा सुटल्याखेरीज उलथणें लावूं नये.

सहा ते आठ महिन्यांच्या मुलास धिरड्याचा मधला मऊ भाग घेऊन, आईच्या दुधांत किंवा घट्ट वरणांत कुसकरून, चमच्यावरून सहज न सांडेल इतका दाट लगदा करून द्यावा. प्रारंभीं दोन-तीन चमचे पुरेत. पुढें दिवसांतून दोन-तीन वेळां अर्धी वाटी द्यावें. नवव्या महिन्यापासून बारीक मऊ तुकडे त्याच्या हातीं द्यावे. तुकडा आपल्या अंगठ्याबोटांत सहज चिरडला जातो कीं नाहीं, हें आधीं पाहावें. वर्षानंतर मूल घरच्यांच्या पंक्तीस बसून तिखट वगळून तेंच धिरडें खाऊं शकतें. दांत गेलेल्या आजीआजोबांस तें ताकांत किंवा वरणांत भिजवून द्यावें. शेतावर जाणाऱ्यांनीं चटणीबरोबर न्यावें. जे अंडें खातात, त्यांनीं पिठांत एक अंडें फेटून घातल्यास तें अधिक सकस होईल.

कांहीं गोष्टी पाळाव्याच. वर्षाच्या आंतील मुलाच्या अन्नांत मीठ, साखर व गूळ घालूं नये. मध तर मुळींच देऊं नये, कारण त्यांतील जंतूंच्या बीजांमुळें क्वचित् जिवावर बेततें. अख्खे शेंगदाणे व कच्च्या गाजराचे तुकडे लहान मुलाच्या श्वासनलिकेंत अडकतात. नवा पदार्थ एका वेळीं एकच सुरू करावा, व दोन-तीन दिवस लक्ष ठेवावें. पावसाळ्यांतील टाकळा, भारंगी इत्यादि रानभाज्या मोठ्यांनीं खुशाल खाव्या. तान्ह्यास ओळखीच्याच भाज्या द्याव्या. भरविण्यापूर्वीं मुलाचे व आपले हात साबणानें धुवावे, आणि उरलेलें अन्न सायंकाळीं पुन्हां तापवून देण्याऐवजीं ताजें करावें. तसेंच, एवढ्या अन्नानें लोहाची सारी गरज भागेल असें मानूं नये. आशाताई लोहाचें जें औषध आणून देतात, तें नियमानें पाजावें.

लावणीच्या घाईंत रोज डाळ वाटण्यास वेळ नसेल, तर एका रविवारीं नाचणी रात्रभर भिजवून, फडक्यांत बांधून मोड आणावे. मग वाळवून, मंद भाजून दळून ठेवावी. मोडांमुळें लोह बांधून ठेवणारें द्रव्य कमी होतें, आणि या पिठाची खीर दाट न होतां अधिक पीठ सामावून घेते. मूगडाळही धुऊन वाळवून भाजून दळावी. मग घरीं राहिलेल्या थोरल्या भावंडानें पीठ कालवून वडील माणसांच्या देखरेखीखालीं दोन धिरडीं घालणें, हें अर्ध्या तासाचें काम आहे.

पवित्र शास्त्रांत सारफथच्या विधवेची कथा आहे. दुष्काळांत तिच्याजवळ मडक्यांत मूठभर पीठ व कुपींत थोडें तेल एवढेंच उरलें होतें. त्याच पीठतेलाची भाकर तिनें आधीं एलीया संदेष्ट्यास दिली. पुढें तें पीठ सरलें नाहीं, आणि ती व तिचा मुलगा जगले. आपल्या बहुतेक घरीं तिच्याहून अधिक पीठ व अधिक तेल आहे, आणि परसांत शेवगाही आहे. येत्या सुट्टींत प्रत्येक विद्यार्थ्यानें हें धिरडें घरीं एकदां करावें, व पहिला घास घरांतील सर्वांत लहान मुलास द्यावा.