तारा लागल्या त्या वर्षांत
विरारमधल्या आमच्या दातांच्या डॉक्टरबाईंनी गेल्या महिन्यात दवाखाना बंद केला. त्या गाळ्यात आता पारदर्शक अलाइनरचं दुकान आलंय. स्कॅन फुकट, पैसे हप्त्याने. पाटी वाचून मला राग आला. तिथल्या बाकावर माझ्यासारख्या कितीतरी आयांनी जिवाचा घोर हलका केला होता.

नव्वदच्या दशकाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. दात दुखला की काढायचा, वाकडा असला की तसाच ठेवायचा. ज्यांना सरळ करून घ्यायचे होते ते लोकल पकडून मुंबई सेंट्रलचं नायर दंत महाविद्यालय नाहीतर सेंट जॉर्जच्या आवारातलं सरकारी दंत महाविद्यालय गाठत.

जुलै 2009 मध्ये वसई-विरार महानगरपालिका झाली, इमारती वाढल्या, तळमजल्यांवर दवाखाने आले. ऑर्थोडॉन्टिस्ट ठरलेल्या वारी येऊ लागले. माझ्या लेकीला तारा लागल्या त्या याच काळात. चार उपदाढा काढाव्या लागतील म्हटल्यावर घरात कुणाला घास गोड लागेना. "धडधाकट दात का काढायचे?" सासूबाई पुन्हा पुन्हा विचारत. वरचा दात काढला की नजर जाते, असं शेजारणीने छातीठोकपणे सांगितलं. त्यात काडीचंही तथ्य नाही, पण मी घाबरले. आणि लेकीने खुर्चीत बसण्याआधीच माझा चेहरा वाचला.

बाईंनी म्हणूनच आधी मला समोर बसवलं. जबड्यात जागा अपुरी, म्हणून दात एकमेकांवर चढलेत. तार हळूहळू दाबते, दात सरकतो त्या बाजूचं हाड झिजतं, मागे नवं भरतं. म्हणून दीड-दोन वर्षं लागतात, आणि जास्त जोर लावला तर मुळं झिजू शकतात. तार आवळल्यावर दुसऱ्या दिवशी सर्वांत जास्त ठणकेल, आठवड्याभरात ओसरेल. तसंच झालं. मग मऊ वरणभात. चिक्की, ऊस, कच्चा पेरू बंद. वसईची सुकेळी दातांना चिकटतात, म्हणून तीही बंद. विरार फास्टमध्ये कुणाचं कोपर तोंडावर बसून ओठ आतून कापला जाईल, ही धास्ती मात्र मला शेवटपर्यंत होती.

त्याच वर्षांत माझ्या भाच्याचं दुसऱ्या एका दवाखान्यात वेगळंच झालं. काही न सांगता तारा बसवल्या, डॉक्टर बदलत राहिले, प्रत्येकाने संपायची वेगळी तारीख दिली. दुखतंय म्हटलं की "बाकीची मुलं सहन करतात" हे उत्तर. पोरगा तोंडावर हात धरून बोलायला लागला. ते मी अजून माफ केलेलं नाही.

मार्च 2020 मध्ये लोकल थांबल्या तेव्हा मुंबईत उपचार चाललेल्या मुलांचे फार हाल झाले. गालात रुतणाऱ्या तारेच्या टोकावर मेण कसं लावायचं, हे बाई आमच्या इमारतीतल्या एका आईला फोनवरून समजावत होत्या.

अलाइनर वाईट नाहीत. योग्य केसमध्ये उत्तम काम करतात. पण दिवसाचे वीस-बावीस तास घालावे लागतात, आणि तेरा वर्षांच्या पोरामागे ते पाहत फिरायचं काम आईकडे येतं. उपचार संपल्यावर रिटेनर घातला नाही तर दात परत सरकतात, हेही पैसे भरण्याआधीच सांगायला हवं. भाचीचे दात आता सरळ करायचेत. वहिनीला मी बजावलंय: उपचार करणाऱ्या ऑर्थोडॉन्टिस्टला प्रत्यक्ष भेट, त्यांचं नाव केसपेपरवर लिहून घे, मधेच दुखलं तर फोन कुणाला करायचा ते विचार, आणि हे सगळं पोरीला शेजारी बसवून विचार.